फळीला फळी जोडताना



गेल्या पंधरवड्यात एका भगिनीचे पत्र आले. पत्र दोन पानांचे, अक्षर रेखीव, आणि विचारणा मात्र शेवटच्या एका ओळीत : "मुलाला हे करू द्यावे की थांबवावे, एवढे सांगा."

हकीकत अशी. चिरंजीव एकोणीस वर्षांचा. आय.टी.आय. झालेला, नोकरी नाही. घरामागच्या पडवीत त्याने जुन्या धुलाई यंत्राच्या मोटारीवर लाकूड कातायचा लेथ उभा केला आहे. भंगारवाल्याकडून पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या आणतो, एकावर एक चिकटवून ठोकळा करतो आणि त्यातून फुलदाण्या, वाट्या, दिव्यांचे खांब काढतो. चार पैसे सुटू लागले आहेत. मागच्या महिन्यात एक फुलदाणी फिरता फिरता उभी फुटली. अर्धा भाग पडवीच्या पत्र्यावर आदळून पत्र्याला पोच पडला. दुसरा अर्धा दारातून आत आला तो धाकटी मुलगी अभ्यासाला बसली होती तिच्या पाटीदप्तराजवळ. कुणाला लागले नाही. मुलगा म्हणतो, "आई, डिंक कमी पडला होता, आता जास्त लावतो."

ताई, पत्र वाचून मी तासभर काही लिहू शकलो नाही. त्याचे कारण पुढे सांगतो. आधी चिरंजीवाच्या त्या वाक्याचे बघू, कारण खरी खोच तिथेच आहे. डिंक कमी पडला म्हणून असा ठोकळा क्वचितच फुटतो. जास्त डिंक लावला तर तो दाबाने बाहेर येईल, फरशी खराब होईल, आणि ठोकळा होता तेवढाच कच्चा राहील.

लाकूड कातण्याची कला आपल्याकडे नवी नाही. कातारी मंडळी जमिनीवर बसून, धनुष्यासारख्या दोरीने सांगाडा पुढे-मागे फिरवून, पायाच्या अंगठ्याने हत्याराला टेकू देऊन पाळण्याचे खूर, लाटणी, रवी आणि पोरांची खेळणी काढत. सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी आजही नावाजलेली आहेत. त्या जुन्या सांगाड्याला वेग बेताचा. लाकूड सुटलेच तर मांडीवर पडे, शिवी देऊन माणूस पुन्हा लावी. मोटार आली आणि सगळा हिशेब बदलला.

तो हिशेब एकदा मांडूनच दाखवतो. समजा ठोकळ्याचा व्यास २० सें.मी. आहे. त्याचा घेर झाला सुमारे ६३ सें.मी. अशा घरगुती मोटारी पुष्कळदा मिनिटाला १४०० ते १४५० फेरे घेतात. मोटारीच्या पाटीवर आकडा असतो तो पाहावा. १४४० फेरे धरले तर ठोकळ्याची कड मिनिटाला ९०० मीटर धावते, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर. महामार्गावरच्या एस.टी.चा वेग म्हणा ना! आता त्या कडेला १०० ग्रॅमची एक खापली आहे असे समजा. हातात घेतली तर लिंबाएवढी हलकी. पण त्या वेगाने फिरताना ती मधल्या लाकडापासून सुटून जाण्यासाठी सुमारे २३ किलोच्या जोराने ओढत असते. वेग दुप्पट केला तर ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते : ९० किलोच्या वर. ही ओढ प्रत्येक फेऱ्यात, प्रत्येक क्षणाला त्या डिंकाच्या रेषेवर येते, आणि वर पटाशीचा झटका वेगळा.

टेबलाच्या फळीचा सांधा सुटला तर टेबल डुगडुगते. लेथवरचा सांधा सुटला तर काय होते ते ताईंच्या पडवीतल्या पत्र्याने पाहिले आहे.

मग फळ्या चिकटवायच्याच कशाला? अखंड लाकूड का घेऊ नये? तर त्याला कारणे आहेत. जाड लाकूड सुकायला फार वेळ घेते. एक इंच जाडीला एक वर्ष असा जुन्या सुतारांचा ठोकताळा आहे. चार इंची ओंडका वरून कोरडा आणि पोटात ओला असतो, आणि सुकताना गाभ्यापासून सालीपर्यंत तडकतो. शिवाय जाड सागवान आज कुणाला परवडते? पातळ फळी लवकर सुकते, स्वस्त मिळते, खराब भाग कापून टाकता येतो. नीट जोडलेला ठोकळा हा अखंड लाकडापेक्षा कमी प्रतीचा असतो हा गैरसमज आहे. तंतूंच्या दिशेने नीट बसवलेला सांधा लाकडाहून मजबूत होतो. तोडायला गेलात तर शेजारचे लाकूड फाटते, सांधा राहतो.

"नीट" या शब्दात मात्र पुष्कळ काही आहे.

पहिली गोष्ट तंतूंची. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी समजा. ही मोळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पण जाडीत, लांबीत जवळजवळ नाहीच. साग ओल्याचा अगदी कोरडा होईपर्यंत वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसतो, गाभ्याकडून सालीकडे सुमारे २.५ टक्के, आणि लांबीत नगण्य. आणि साग हा या बाबतीत शहाणा म्हणून ओळखला जातो. वीतभर रुंदीची फळी उन्हाळ्यापासून आषाढापर्यंत दोनेक मिलिमीटर सहज हलते. आता एक फळी उभी आणि तिच्यावर दुसरी आडवी अशी चिकटवली तर एक हलणार आणि दुसरी तिला धरून ठेवणार. प्लायवूडमध्ये हे चालते, कारण तिथले थर कागदासारखे पातळ असतात. इंच-इंच जाडीच्या फळ्यांत चालत नाही. सांधा आतून थोडाथोडा उसवत जातो, बाहेरून दिसत नाही, आणि लेथवर चढल्यावर कळते. म्हणून सगळ्या फळ्यांचे तंतू एकाच दिशेला ठेवावेत. शोभेसाठी आडवे-उभे करायचा मोह होतो, तो टाळावा. त्याच कारणाने जड लाकूड आणि हलके लाकूड यांचीही गाठ मारू नये. बाभूळ आणि खोक्याचे पाइन एकत्र लावले तर दोघांची चाल वेगळी, आणि पटाशी मऊ लाकडातून कठीण लाकडावर आली की दचकते.

टोकाला टोक चिकटवलेला सांधा तर लेथसाठी धरूच नये. टोकाशी त्या नळ्यांची तोंडे उघडी असतात, डिंक आत शोषला जातो आणि सांध्यात उरत नाही. मोठी कडी किंवा परात करायची तर आम्ही ओतशाळेत नमुने करताना लहान तुकड्यांची बांगडी करायचो आणि बांगडीवर बांगडी अशी चढवायचो, की खालचा सांधा वरच्या तुकड्याच्या मध्यावर येईल. गवंडी विटांच्या थरात सांधामोड करतो ना, तसेच. मग ताकद टोकाच्या सांध्यावर राहत नाही, थरांच्या सपाट जोडणीवर येते.

दुसरी गोष्ट पृष्ठभागाची. पांढरा डिंक, ज्याला आपण सरसकट फेव्हिकॉल म्हणतो, तो फट भरत नाही. दोन फळ्यांमध्ये कागद जाईल एवढी फट असेल तर तिथे डिंकाचा पापुद्रा तयार होतो, आणि त्या पापुद्र्याला ताकद नसते. फळ्या रंधून एकमेकींवर ठेवाव्यात आणि सांध्याची कड उजेडासमोर धरावी. उजेड दिसला की पुन्हा रंधा. कोरड्याच ठेवून चारी कोपरे बोटाने दाबावेत. एखादा कोपरा डुगडुगला तर क्लॅम्पच्या जोरावर बसेल या भरवशावर राहू नये. जोराने बसवलेली फळी मनात राग धरते आणि पुढे केव्हातरी उसळते.

रंधल्यानंतर त्याच दिवशी चिकटवावे. सागवान आणि शिसव यांत नैसर्गिक तेल असते, ते हळूहळू पृष्ठभागावर येते. आठवडाभर पडलेल्या सागाच्या फळीवर डिंक तेलकट ताटावरच्या पाण्यासारखा उभा राहतो. अशी फळी पुन्हा एक हात रंधून घ्यावी, तेलकट वाटली तर अ‍ॅसिटोनच्या फडक्याने पुसून वाळू द्यावी आणि लगेच जोडावी. अ‍ॅसिटोन झटकन पेट घेतो. चूल, शेगडी, विडी यांपासून लांब, उघड्यावरच हे काम करावे.

खोक्यांच्या फळ्यांबद्दल चिरंजीवाला आणखी दोन सूचना. त्यात खिळे असतात, वरून डोके तुटलेले आणि आत टोक राहिलेले. मोठा लोहचुंबक फळीभर फिरवावा. बंद पडलेल्या स्पीकरमधून चुंबक फुकट मिळतो. दुसरे असे की परदेशी मालाच्या खोक्यांवर आणि पॅलेटवर गव्हाच्या लोंबीच्या चित्राचा शिक्का असतो. त्यात इंग्रजी अक्षरे एच-टी असतील तर लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेले आहे. एम-बी असतील तर विषारी वायूची धुरी दिलेली आहे; ते लाकूड कातून त्याची भुकटी छातीत घेऊ नये, आणि त्याची वाटी तर मुळीच करू नये. शिक्काही नाही आणि तेला-रसायनाचे डाग आहेत असे लाकूड भंगारवाल्यालाच परत करावे.

आता डिंक. दोन्ही तोंडांना पातळ, सारखा थर लावावा. जुन्या पत्त्याने किंवा पुठ्ठ्याच्या तुकड्याने ओढला तर छान पसरतो. आपल्याकडे डबा घट्ट झाला की त्यात पाणी घालायची सवय आहे. नेहमीच्या सुतारकामात कसेबसे निभते, लेथच्या कामाला असा डिंक वापरू नये. गोठून सुटलेला किंवा आंबूस वासाचा डिंकही नको. उन्हाळ्यात पंखा बंद करून लावावा, नाहीतर दुसरी फळी ठेवेपर्यंत पहिलीवर साय धरते. विदर्भ-मराठवाड्यातल्या डिसेंबरच्या रात्री पारा दहा अंशांखाली जातो, तेव्हा हा डिंक खडूसारखा पांढरा वाळतो आणि नुसता भुगा होतो. तेव्हा दुपारी काम करावे.

सगळ्यात जास्त चूक होते ती दाबात. ताईंच्या पत्रात एक वाक्य आहे : "चिकटवून झाल्यावर त्यावर पाटा ठेवतो, रात्रभर." वाचून हसूही आले आणि काळजीही वाटली. हिशेब करून पाहा. पाइनसारख्या मऊ लाकडाला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७ ते १० किलो दाब लागतो, कठीण लाकडाला त्याच्या दीडपट किंवा जास्त. फुलदाणीची फळी १० सें.मी. रुंद, ३० सें.मी. लांब, म्हणजे ३०० चौरस सेंटिमीटर. सात किलोने धरले तरी २१०० किलो झाले. दोन टन! घरातला पाटा वीस किलोचा. शंभर पाटे रचाल का?

म्हणून शिकंजे हवेत. एक साधा सी-क्लॅम्प हाताने आवळला की काही शे किलोंचा जोर देतो. फुलदाणीच्या ठोकळ्याला असे सहा तरी लागतील, दोन्ही बाजूंनी, वीतभरापेक्षा कमी अंतरावर. सहा क्लॅम्प विकत घ्यायला पैसे नसतील तर माझा जुना उपाय करावा. दीड-दोन इंच जाडीच्या दोन भक्कम फळ्या घ्याव्यात, ठोकळ्यापेक्षा चार-चार बोटे रुंद. दोन्ही कडांना समोरासमोर भोके पाडून १२ मि.मी.चे सहा लांब बोल्ट घालावेत, दोन्ही बाजूंना जाड वॉशर. मध्ये ठोकळा ठेवून पान्याने नट आवळावेत, एकदम नाही, पाळीपाळीने, चाकाचे नट आवळतो तसे. असा एकेक बोल्ट टनभर जोर सहज देतो. वर्तमानपत्राला मेण चोळून मध्ये घालावे, नाहीतर शिकंजाच ठोकळ्याला चिकटून बसतो. (हे मी एकदा केले आहे. वस्ताद दिवसभर काही बोलले नाहीत, फक्त बघायचे आणि मान हलवायचे.)

ओल्या डिंकावर फळी साबणासारखी घसरते. आधी हलके आवळून पाच मिनिटे थांबावे, फळ्या जागेवर आल्या की मग पूर्ण जोर द्यावा. घसरू नये म्हणून काही जण आत खिळा मारतात. लेथवर जाणाऱ्या ठोकळ्यात खिळा नको म्हणजे नको. सांध्याच्या सगळ्या लांबीवर डिंकाचे बारीक मणी सारखे उमटले तर समजावे, दाब नीट बसला. जिथे मणी नाहीत तिथे शंका घ्यावी. ओघळ वाहत असतील तर डिंक जास्त झाला.

मग थांबणे. डब्यावर काय लिहिले आहे ते टेबल-खुर्चीसाठी. लेथसाठी पूर्ण २४ तास, पावसाळ्यात ४८. पांढऱ्या डिंकातले पाणी लाकडात शिरून सांध्याजवळचे लाकूड फुगलेले असते. ते उतरण्याआधी कातले तर आठवड्याने त्या रेषेवर खाच पडते, आणि गिऱ्हाईक बोट फिरवून ती दाखवते.

इथे मी तासभर का थांबलो ते सांगतो. १९७८ चा जुलै. मी एका ओतशाळेच्या नमुना विभागात उमेदवार होतो. तेव्हा तिथे सरस वापरत, डब्यात डबा ठेवून गरम केलेला. सरसाची गंमत अशी की तो गरम असतानाच फळ्या एकमेकींवर जाऊन आवळल्या गेल्या पाहिजेत. थंड फळीवर तो मिनिटभरात जेलीसारखा गोठतो. त्या दिवशी पाऊस, फळ्या गार, आणि मी एकटाच चौदा इंची चाकाचा नमुना जोडत होतो. शेवटच्या थराला सरस लावला आणि क्लॅम्प शोधत बसलो. मिळाला तोवर सरसावर साय आली होती. मला ते दिसले होते. बोटाला लागले होते. तरी आवळला, कारण सकाळी नमुना हवा होता आणि पुन्हा खरवडून लावायला रात्र झाली असती.

सकाळी लेथवर माझा सोबती होता. आम्ही दोघे एकाच दिवशी लागलो होतो, एकाच डब्यात जेवत होतो. थर सुटला तो त्याच्या जबड्यावर बसला. चार दात गेले, हाड दोन ठिकाणी मोडले, दीड महिना तो नळीने पेज पीत होता. मी तुटलेला तुकडा उचलून पाहिला. सांध्याची दोन्ही तोंडे काचेसारखी गुळगुळीत, त्यावर लाकडाचा एक तंतू चिकटलेला नव्हता. म्हणजे ते कधी जोडले गेलेच नव्हते, नुसते एकमेकांवर बसले होते. लेथ त्याने चालवला, ठोकळा मी केला होता. त्याने मला कधी विचारले नाही. मी त्याला सांगितले ते सतरा वर्षांनी, त्याच्या मुलीच्या लग्नात, आणि तो म्हणाला, "मला माहीत होतं रे. तुकडा मीही बघितला होता."

ताई, तुमच्या चिरंजीवाने पत्रासोबत फुटलेल्या तुकड्याचे चित्र काढून पाठवले आहे. हात चांगला आहे मुलाचा. त्याने तुटलेल्या तोंडावर पेन्सिलने लिहिले आहे, "एकदम गुळगुळीत." आणि चित्रात दिसते की ठोकळा चार फळ्यांचा आहे. म्हणजे मधला सांधा बरोबर मध्यावर येतो, आणि टेलस्टॉकचे टोकदार सेंटर त्या सांध्यातच घुसवलेले आहे. लाकूड फोडायला आपण पाचर मारतो, दुसरे काय करतो? त्यात हेडस्टॉककडच्या दोन दातांच्या सेंटरचे दातही त्याच रेषेत बसलेले. एका टोकाला पाचर, दुसऱ्या टोकाला पटाशी, आणि मध्ये पाट्याच्या वजनावर वाळलेला सांधा. ठोकळा इतका वेळ टिकला कसा हेच नवल.

तेव्हा दोन सेंटरमध्ये धरायच्या कामाला फळ्यांची संख्या विषम ठेवावी, तीन किंवा पाच. मध्यबिंदू अखंड लाकडात येतो. दातांचे सेंटर सांध्याला आडवे बसवावे, कधीही सांध्याच्या रेषेत नाही. टेलस्टॉक मांजर-बोक्यासारखा आवळू नये; लाकूड धरण्यापुरता जोर पुरे.

वाटी-परातीसारखे काम फेसप्लेटवर जाते. तिथे स्क्रू लाकडाच्या सपाट तोंडात जावेत, टोकाच्या बाजूत घेतलेला स्क्रू धरत नाही. ठोकळ्यामागे टाकाऊ लाकडाची चकती चिकटवून तिच्यात स्क्रू घेतात, ते चांगले, पण त्या चकतीचा सांधाही वर सांगितला तसाच काळजीने करावा. मध्ये कागद घालून चिकटवायची एक पद्धत आहे, म्हणजे काम झाल्यावर पटाशीने टिचकी मारली की चकती सुटते. आम्ही दुभंगी नमुने असेच करायचो. हे नवशिक्याने करू नये. जो सांधा सुटावा म्हणून केला आहे तो आपल्या वेळापत्रकाप्रमाणेच सुटेल असे नाही. आम्हीसुद्धा दोन्ही टोकांना स्क्रू घेऊन, टेलस्टॉक लावूनच ते फिरवायचो.

खात्री कशी करायची? ठोकळा जोडताना त्याच फळ्यांचे दोन उरलेले तुकडे, त्याच डिंकाने, त्याच शिकंज्यात चिकटवावेत. दुसऱ्या दिवशी तो जोडतुकडा पक्कडीत उभा धरावा, बरोबर सांध्यावर पटाशी ठेवून हातोडा मारावा. फुटल्यावर तोंडावर लाकडाचे तंतू ओरबाडून आलेले दिसले तर ठोकळा लेथवर चढवावा. तोंड स्वच्छ, चकचकीत निघाले तर ठोकळा चुलीत घालावा. हळहळ वाटेल. घालावा. चिरा दिसल्या म्हणून त्यात झटपट चिकटणारा डिंक ओतून काम पुढे नेण्याचा विचारही करू नये.

वेगाबद्दल एक ठोकताळा : व्यास इंचात घेऊन त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणावे, उत्तर ६००० ते ९००० च्या दरम्यान यावे. ओबडधोबड ठोकळ्याला त्याहूनही कमी. आठ इंची कामाला म्हणजे ७५० ते ११०० फेरे. मोटार १४४० ची असेल तर तिच्यावर दोन इंची पुली आणि स्पिंडलवर चार इंची पुली घातली की ७२० फेरे होतात. सुरुवात तिथून करावी. मोटारीच्या दांड्यावरच थेट ठोकळा चढवू नये. कोपरे आधी करवतीने उडवून ठोकळा अष्टकोनी करावा. चालू करण्याआधी हाताने पूर्ण एक फेरा फिरवून टूल रेस्टला कुठे अडत नाही ना ते पाहावे. चालू करताना ठोकळ्याच्या समोर उभे राहू नये, बाजूला उभे राहून बटण दाबावे आणि मिनिटभर नुसते ऐकावे. टकटक आवाज आला की बंद. फिरते लाकूड हाताने थांबवू नये.

तोंडावर पूर्ण मुखकवच हवे. नुसत्या चष्म्याने डोळे वाचतात, जबडा वाचत नाही, हे मी पाहिले आहे. नाकाला भुकटीसाठी मास्क. हातमोजे, लांब बाही, गळ्यातली साखळी, मनगटातला दोरा, सगळे काढून ठेवावे. ताई, चहा द्यायला तुम्ही पडवीत जात असाल. लेथ चालू असताना पदर किंवा ओढणी घेऊन जवळ जाऊ नका. बाहेरून हाक मारा, तो बंद करील, मग जा.

पाणी लागणाऱ्या वाटीला साधा पांढरा डिंक उपयोगी नाही, पाण्याने आणि गरम पदार्थाने तो मऊ पडतो. त्याला जलरोधक जातीचा डिंक मिळतो. पण खाण्यापिण्याच्या भांड्यांसाठी मी आंब्याच्या किंवा बाभळीच्या अखंड तुकड्यालाच पसंती देईन. चिकटवलेल्या ठोकळ्यातून फुलदाणी, दिव्याचा खांब, खेळणी खुशाल करावीत.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे की मुलाला थांबवू नका. लेथचे तोंड फिरवून घ्या, म्हणजे फिरत्या लाकडाची रेघ दाराकडे न येता कोऱ्या भिंतीकडे जाईल. दाराला जाड फळी किंवा प्लायवूड लावा. मुलीची अभ्यासाची जागा आजच हलवा, हे त्याच्या क्लॅम्पच्याही आधी. आणि चिरंजीवाला सांगा, तीन फळ्यांचा ठोकळा नव्याने जोडून त्याचा चाचणीचा तुकडा फोडावा आणि दोन्ही अर्धे कागदात गुंडाळून साप्ताहिकाच्या पत्त्यावर या सदराच्या नावे पाठवावेत. मी पाहून कळवीन.

पुढील अंकी : गोल पटाशीला धार लावणे, आणि घरातल्या सहाणेवर ती लावू नये याची कारणे.